रिझर्व्हला लागली! पेट्रोल कॉकची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलेली वाक्यं तेवढी सरळ केली आहेत.)

आज सुरुवात एका प्रश्नाने. चालत्या गाडीवर, डावा हात हँडलवरून काढून, खाली न बघता, गुडघ्याजवळ चाचपडत एक छोटीशी चावी तुम्ही कधी फिरवली आहे का?

ज्यांनी फिरवली आहे ते आत्ता हसले असतील. ज्यांनी पहिली गाडीच २०२० नंतर घेतली, त्यांना मी काय विचारतेय हेच कळलं नसेल. आजचा भाग या दोघांसाठी आहे. विषय आहे पेट्रोल कॉक. टाकीच्या पोटाला खालून लटकलेला, तीन खुणांचा नळ: ऑन, ऑफ आणि रिझर्व्ह.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा नळाचा कसला इतिहास? मलाही तसंच वाटायचं. पण २०२० च्या मार्चमधला तो शेवटचा आठवडा आठवा. २५ तारखेला देशभर लॉकडाऊन सुरू झाला. १ एप्रिलला बीएस-६ चे नियम लागू झाले. प्रदूषणाची मर्यादा इतकी कडक झाली की नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. कार्बोरेटर गेला, तसा त्याच्या जोडीचा हा कॉकही बहुतेक गाड्यांवरून गेला. म्हणजे ज्या आठवड्यात नव्या गाड्यांवरून कॉक नाहीसा होत होता, त्याच आठवड्यात लाखो जुन्या गाड्या पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने उभ्या राहणार होत्या. त्यातल्या एका गाडीचा कॉक उघडा होता. ती गाडी आमची होती. उघडा ठेवणारी मी.

त्या गाडीकडे येतेच. आधी हा नळ आला कुठून ते बघू.

नळ, बूच आणि टाकीचं कुबड

पेट्रोल इंजिनात जाळायचं तर आधी ते हवेत नीट मिसळावं लागतं. अगदी सुरुवातीच्या मोटरसायकलींमध्ये, उदाहरणार्थ १८९४ साली म्युनिकमध्ये विक्रीसाठी बनू लागलेल्या हिल्डेब्रांड अँड वोल्फम्युलरमध्ये, पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा खेचली जायची आणि ती वाफ घेऊन इंजिनात जायची. पण त्याच सुमारास, १८९३ मध्ये, विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने फवारा मारणारा कार्बोरेटर आणला होता. त्यात एक छोटी वाटी. वाटीत तरंगता फ्लोट. पेट्रोल ठरावीक पातळीला आलं की फ्लोट वर उचलला जाणार आणि एक सुई पेट्रोलची वाट बंद करणार. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, अगदी तेच तत्त्व.

आता विचार करा. टाकी वर, कार्बोरेटर खाली. पेट्रोल आपल्याच वजनाने खाली येतं, त्याला पंप लागत नाही. सोपं आणि स्वस्त. पण गाडी उभी असताना पेट्रोलला अडवायला काय आहे? फक्त ती सुई. तिच्या टोकाशी कचऱ्याचा एक कण अडकला की वाट उघडी. म्हणून सुईच्या आधी आणखी एक दरवाजा हवा, आणि तो माणसाच्या हातातला हवा. हा दरवाजा म्हणजे कॉक. इंग्रजीत पिंपाच्या तोटीलाही हेच नाव. जुन्या गाड्यांवरचे नळही तसेच होते, पितळी, आत निमुळता दट्ट्या, आडवं भोक. फिरवलं की भोक नळीसमोर येतं, पुन्हा फिरवलं की बाजूला जातं.

पितळावर पितळ घासून झिजतं आणि झिजलं की गळतं. त्यावर ब्रिटिश गाड्यांमध्ये एक मजेदार उपाय आला, बूच! बाटलीला असतं तेच. इवर्ट्स नावाचे ओढून उघडायचे आणि ढकलून बंद करायचे नळ बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टनसारख्या गाड्यांवर असायचे. त्यांच्या आत बुचाचा तुकडा. बूच पेट्रोलने भिजलेलं असेपर्यंत फुगलेलं राहतं आणि नळ घट्ट बसतो. गाडी बराच काळ रिकाम्या टाकीने उभी राहिली की बूच वाळून आकसतं. मग टाकी भरली की नळ गळायला लागतो. जुने मेकॅनिक ते बूच काढून गरम पाण्यात टाकायचे, पुन्हा फुगावं म्हणून. हे लक्षात ठेवा: उभी गाडी आणि गळका नळ यांची दोस्ती शंभर वर्षं जुनी आहे.

आता रिझर्व्ह. पुष्कळ जणांना वाटतं की रिझर्व्हची वेगळी टाकी असते. तशी काही नसते. १९२० च्या दशकापर्यंत मोटरसायकलची टाकी सपाट, चपट्या डब्यासारखी असे, सांगाड्याच्या दोन आडव्या नळ्यांमध्ये अडकवलेली. मग घोड्यावर खोगीर टाकावं तशी सांगाड्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारी टाकी आली. १९२४ च्या एचआरडी गाड्या अशी टाकी वापरणाऱ्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी होत्या. दिसायला सुंदर, पेट्रोलही जास्त मावतं. पण खालून बघितलं तर मधे कुबड आणि दोन बाजूंना दोन पोटं. पेट्रोल कुबडाच्या खाली उतरलं की या पोटातलं त्या पोटात जात नाही. म्हणून पुष्कळ ब्रिटिश गाड्यांना दोन नळ असायचे, दोन्ही बाजूंना एकेक. चालवणारे एकच उघडा ठेवायचे. गाडी अडखळली की दुसरा उघडायचे. त्या दुसऱ्या पोटात उरलेलं पेट्रोल हाच रिझर्व्ह.

पुढे हे काम एकाच कॉकमध्ये आलं. कॉकच्या वर टाकीच्या आत एक बारीक नळी उभी असते. चावी ऑनवर असेल तर पेट्रोल या नळीच्या वरच्या टोकातून येतं. पातळी त्या टोकाखाली गेली की पुरवठा बंद आणि गाडी गचके खाते. चावी रिझर्व्हला फिरवली की पेट्रोल तळाजवळच्या भोकातून येतं. टाकी एकच, पेट्रोल एकच. फरक फक्त दोन भोकांच्या उंचीचा. बहुतेक साध्या गाड्यांना पेट्रोलचा काटाच नव्हता, तेव्हा ही काही बोटांची उंची हाच काटा. तो डोळ्यांनी बघायचा नाही, बुडाखाली जाणवून घ्यायचा.

मधे ऑफ का येतो?

कोणी कुठेही चावी फिरवावी असं बरीच वर्षं चाललं. एका गाडीत ऑन वर, दुसरीत खाली. मित्राची गाडी घेतली की गोंधळ. अमेरिकेच्या सरकारने मोटरसायकलच्या सगळ्या कंट्रोल्ससाठी एक नियम केला, मोटार वाहन सुरक्षा मानक क्रमांक १२३. तो १ सप्टेंबर १९७४ नंतर बनलेल्या गाड्यांना लागू झाला. गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या पायाला, हे तिकडे त्यानेच पक्कं केलं. आणि त्यात आपल्या नळासाठीही एक ओळ आहे: क्रम ऑन, ऑफ, रिझर्व्ह असाच. ऑफ मधे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ९० अंशांवर बाकीचे दोन.

आमच्या शंभर सीसीच्या गाडीवर हाच क्रम आहे. चावी खाली म्हणजे ऑन, आडवी म्हणजे ऑफ, वर म्हणजे रिझर्व्ह. कॉलेजात असताना मला वाटायचं, काय वेडेपणा आहे! चालत्या गाडीवर रिझर्व्ह लावताना वाटेत ऑफ कशाला? पण हाताला विचारा. ऑफ हे मधलं, दोन्हीकडून सापडणारं ठिकाण आहे. आणि दोन टोकांपैकी कुठलंही धरलं तरी पेट्रोल मिळतं. न बघता फिरवायचं असेल तर टोकापर्यंत फिरवा, झालं.

आपल्याकडे हा नळ आला तो गाड्यांबरोबरच. १९५५ पासून मद्रासमध्ये बुलेट जुळवली जाऊ लागली. पुढच्या दशकात म्हैसूरहून जावा आली. १९७२ मध्ये आपल्या पुण्यातल्या आकुर्डीहून बजाज चेतक आली. चेतकची टाकी सीटखाली, कॉकची दांडी सीटच्या खालून डोकावणारी. पेट्रोल संपत आलं की स्कूटर एका बाजूला कलती करून पुन्हा किक मारणारे काका आठवतात? ते काही टोटका करत नव्हते. कोपऱ्यात राहिलेलं पेट्रोल कॉककडे आणत होते. कुबडाच्या टाकीच्या मोटरसायकलीही तशाच कलत्या करायच्या, कॉक ज्या बाजूला असेल त्या बाजूला.

मग १९८४ ते १९८६ या काळात जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून शंभर सीसीच्या गाड्या आल्या: इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज. महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यात, एसटी स्टँडपासून शेताच्या बांधापर्यंत, कॉक पोचवला तो या गाड्यांनी. त्यांच्या कॉकमध्ये बूच नाही, दट्ट्या नाही. एक भोकं पाडलेली रबरी चकती, तिच्यावर फिरणारी चावी, आणि चावीला चकतीवर दाबून धरणारा लहरी वॉशर. खाली कचरा साचायला एक वाटी.

आणि भाषेतही हा नळ शिरला. "रिझर्व्हला लागली" हे आपण पगाराच्या आधीच्या आठवड्यालाही म्हणतो. मित्र गाडी मागायला आला की गुपचूप कॉक बंद करून द्यायचा, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत गडी चौकापर्यंत जातो आणि तिथेच बसतो, ही मस्करी तर ठरलेली. रात्री कॉक बंद करायचा, चोर फार लांब जाणार नाही, हेही त्यातलंच. आणि सगळ्यांत जास्त घडणारी फजिती म्हणजे पेट्रोल भरल्यावर चावी रिझर्व्हवरून ऑनवर आणायला विसरणं. पुढच्या वेळी इशारा येतच नाही. गाडी थांबते ती टाकी कोरडी झाल्यावर, आणि मग पंपापर्यंत ढकलत.

अडीच महिने उघडा कॉक

आता आमच्या गाडीकडे.

माझे बाबा रोज रात्री गाडी लावली की वाकून कॉक बंद करायचे. कुलपाचा आवाज आणि मग ती छोटी टक. मी हसायचे. "बाबा, कोण करतं हे आजकाल?" मार्च २०२० मध्ये आई-बाबा कऱ्हाडला होते आणि तिथेच अडकले. मी पुण्यात. २० तारखेला किराणा आणला, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावली आणि वर गेले. कॉक ऑनवर.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खाली उतरले तर पेट्रोलचा वास. किक मारायला गेले तर पाय अर्ध्यावर अडला. टाकी हलवून बघितली तर अर्ध्याहून कमी. बाबांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न: "कॉक बंद केला होतास का गं?"

मी म्हटलं, "हो."

ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मग पेट्रोल गेलं कुठे? किक मारू नकोस. ऑइलची कांडी काढून वास घे."

कांडी काढली. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर होती आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. झालं असं होतं: कार्बोरेटरची सुई कचऱ्याने किंचित उघडी राहिलेली. वाटी भरून वाहिली की जास्तीचं पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून जमिनीवर पडायला हवं. पण त्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. मग पेट्रोल गेलं इंजिनात, आणि रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये. तशीच गाडी चालू केली असती तर पातळ झालेल्या ऑइलने आतले भाग कोरडे घासले असते. आणि नळी मोकळी असती तर? चार-पाच लिटर पेट्रोल बंद पार्किंगमध्ये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. गाडीपासून सात-आठ पावलांवर सगळ्या इमारतीचे वीजमीटर. वॉचमन काकांची रात्रीची बिडी तिथेच.

हे डोळ्यांसमोर आलं आणि मी बाबांना सांगून टाकलं की कॉक उघडाच होता. ते रागावले नाहीत. म्हणाले, "कळलं होतं मला. आता बंद करून बघ, थांबतंय का."

पुढचं सगळं व्हिडिओ कॉलवर झालं. फोन त्यांनी लांब भिंतीशी ठेवायला लावला. गाडी मी उघड्यावर आणली. आणि तपासायची जी पद्धत त्यांनी सांगितली ती इतकी साधी आहे की तशीच सांगते.

कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढा आणि तिचं टोक पारदर्शक बाटलीत धरा. ऑफवर एक थेंबही येता कामा नये. ऑनवर सलग धार यायला हवी. धार सुरू होऊन हळूहळू बारीक झाली तर टाकीचं झाकण उघडा. झाकण उघडताच धार सुधारली तर कॉक निर्दोष, झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. टाकीत पेट्रोल भरपूर असूनही ऑनवर येत नाही आणि रिझर्व्हवर येतं, तर आतल्या उभ्या नळीची जाळी तुंबलीय. दोन्हीकडे बारीक, तर खालच्या वाटीची जाळी बघा. आणि गळती कुठून आहे तेही बघा. टाकीला जोडतो तिथून असेल तर ओ-रिंग, चावीपाशी असेल तर रबरी चकती, वाटीपाशी असेल तर वाटीची रिंग.

आमचा कॉक ऑफवरही थेंब थेंब गळत होता! मी लगेच म्हटलं, "बघा बाबा, म्हणजे मी बंद केला असता तरी गळलाच असता."

बाबा म्हणाले, "बंद करणाऱ्याला कधीतरी वास येतो, गळतोय हे कळतं. उघडाच ठेवला तर कळणार कसं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नवा कॉक आणला. काउंटरवरच जुन्या-नव्याची उभी नळी शेजारी धरून उंची बघितली. ती वेगळी असेल तर रिझर्व्हचं गणितच बदलतं, आणि पूर्ण भरवसा ठेवून तुम्ही घाटात अडकता. टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं. नळी तोंडाने ओढायची नाही, हे बाबांनी तीनदा सांगितलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. दहाच्या पान्याने दोन बोल्ट काढले. टाकीच्या तोंडाची बैठक फडक्याने पुसली, नवी ओ-रिंग, नवे वॉशर, आणि बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळले. टाकीचे आटे एकदा गेले की काम हजारात जातं. मग थोडं पेट्रोल टाकून अर्धा तास खाली कोरडा कागद ठेवला. कागद कोरडाच राहिला. कार्बोरेटर साफ केला, सुई बदलली, ओव्हरफ्लोच्या नळीतली माती काढली. प्लग काढून किक मारली तेव्हा सिलिंडरमधलं पेट्रोल बाहेर उडालं. ऑइल पूर्ण बदललं. सगळं झाल्यावरच गाडी चालू केली.

जुना कॉक मी उघडला. रबरी चकती कडक झाली होती, बोटाने दाबली तर दबेना, आणि भोकांभोवती चावीने खणलेली गोल चरी. बुचाचं जे व्हायचं तेच रबराचं झालं होतं. गळतीवर अंगाचा साबण चोळून गाडी घरी आणणारे लोक मला माहीत आहेत, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पण तो उपाय घरी पोचण्यापुरता. चकती बदलावीच लागते.

हातातून गेलेलं काम

माणूस विसरतो हे कंपन्यांना आधीपासूनच ठाऊक होतं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुझुकीच्या जीएस मालिकेसारख्या जपानी गाड्यांमध्ये असा कॉक आला की ज्याला ऑफची खूणच नाही. इंजिन चालू झालं की त्याच्या ओढीने आतला पातळ पडदा सरकतो आणि पेट्रोल सुटतं. इंजिन बंद, पेट्रोल बंद. आपल्याकडच्या पुष्कळ गिअरलेस स्कूटरमध्ये असाच कॉक असायचा. पडदा फाटला की मात्र पेट्रोल भलत्याच वाटेने थेट इंजिनात.

फ्युएल इंजेक्शनने प्रश्नच बदलला. पंप टाकीच्या आत, तो दाबाने पेट्रोल पाठवतो. किल्ली बंद केली की पंप बंद. पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतच नाही, मग अडवायचं काय? काटा डिजिटल, रिझर्व्ह म्हणजे लुकलुकणारा दिवा. मला यात वाईट काही दिसत नाही. माझ्या पार्किंगमध्ये तशी गाडी असती तर ती जूनमध्ये बॅटरी उतरून पडली असती, एवढंच.

पण रस्त्यावर कार्बोरेटरच्या गाड्या अजून ढिगाने आहेत. आणि त्यांच्यासाठी परिस्थिती थोडी अवघड झालीय. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता ते सगळीकडे आहे. इथेनॉल ओलावा धरून ठेवतं आणि काही जुन्या प्रकारची रबरं त्याने फुगतात किंवा लवकर खराब होतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड. ते तळाशी बसतं, आणि रिझर्व्हचं भोक तळाशीच आहे. म्हणून जुनी गाडी असेल तर महिन्यातून एकदा रिझर्व्हवर थोडी चालवा आणि कॉकची वाटी उघडून पुसा. वर्षातून एकदा बाटलीची चाचणी करा. आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर वाका, आणि चावी आडवी करा.

मी आता रोज करते. लिफ्टकडे निघालेली परत येते, वाकते, टक. गेल्या महिन्यात शेजारच्या मुलाने विचारलं, "ताई, हे काय करता तुम्ही रोज?" त्याला सांगता सांगता हा भाग सुचला.

तुमच्या घरी अजून कॉकवाली गाडी असेल तर आजच बघा, चावी कुठे आहे. आणि रिझर्व्हचा तुमचा एखादा किस्सा असेल तर व्हॉइस नोट नक्की पाठवा. पुढच्या भागात याच कॉकचा शेजारी घेऊन येते, थंडीच्या सकाळी ओढायचा तो चोक. तोवर गाडी सांभाळून चालवा. भेटू!